गुण कापा, मग घोषणा द्या

२१ मे २०२३. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर फुटबॉलचा सामना रंगात असताना रिअल माद्रिदचा विनिसियस ज्युनियर खेळ सोडून गोलमागच्या स्टँडकडे वळला आणि गर्दीतल्या एका माणसाकडे बोट दाखवून पंचांना सांगू लागला, की हा मला माकड म्हणतोय. खेळ थांबला. लाउडस्पीकरवरून प्रेक्षकांना ताकीद देण्यात आली. आठ-दहा मिनिटांनी सामना पुन्हा सुरू झाला. इंज्युरी टाइममध्ये दोन्ही संघांची झटापट झाली, तेव्हा व्हिडिओ पंचांनी मुख्य पंचांना पडद्यावर एक तुकडा दाखवला. त्यात विनिसियसचा हात व्हॅलेन्सियाच्या ह्यूगो दुरोच्या तोंडाला लागताना दिसत होता. लाल कार्ड निघालं. त्याच दुरोने क्षणभर आधी विनिसियसच्या गळ्याला हाताचा विळखा घातला होता. तो भाग पंचांना दाखवलाच गेला नाही.

दोन दिवसांनी स्पॅनिश महासंघाच्या समितीने ते कार्ड रद्द केलं. प्रसंग पूर्ण न दिसल्यामुळे पंचांचा निर्णय चुकला, असं कारण दिलं. या सगळ्या प्रकरणात मला हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जो सामनाभर शिव्या ऐकत होता त्याचा हात तेवढा पडद्यावर आला, त्याच्या गळ्याभोवतीचा हात आला नाही. फुटबॉलमधल्या भेदभावाचा निवाडा बहुतेक वेळा असाच होतो. ज्याचा अपमान झाला तो चिडला का, त्याने प्रेक्षकांना डिवचलं का, त्याने हातवारे का केले, याची बारकाईने चौकशी होते. त्याच्याशी आधी काय झालं हे विचारायची वेळ आली की सगळे घड्याळाकडे बघतात.

आणि विनिसियससाठी तो पहिला प्रसंग नव्हता. ब्राझीलमधल्या साओ गोन्सालो या रिओजवळच्या शहरातून आलेला हा मुलगा १८व्या वर्षी माद्रिदला पोहोचला. गोल केला की नाचायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये एका टीव्ही चर्चेत एका एजंटाने त्याच्या नाचाला माकडचाळे म्हटलं. ३० डिसेंबरला वायादोलिदच्या मैदानावर पुन्हा तेच शब्द त्याच्या कानावर पडले. जानेवारी २०२३ मध्ये माद्रिदमधल्या एका पुलावरून त्याच्या नावाचा शर्ट घातलेला पुतळा फाशी दिल्यासारखा लटकवला गेला. मग आलं मेस्ताया. त्या रात्री स्पॅनिश लीगचे अध्यक्ष हावियेर तेबास यांनी समाजमाध्यमांवर त्यालाच सुनावलं, की आम्ही ठरवलेल्या भेटींना तू आला नाहीस. टीका झाल्यावर त्यांनी माफी मागितली, पण पहिली प्रतिक्रिया कुणाच्या विरोधात उमटली हे लपत नाही. दुसऱ्या रात्री रिओमध्ये ख्रिस्ताच्या प्रसिद्ध पुतळ्यावरचे दिवे तासभर बंद ठेवले गेले. एका खेळाडूसाठी त्याचा देश काय करतो आणि तो जिथे पोटापाण्यासाठी खेळतो ती लीग काय करते, यातलं अंतर त्या दोन दिवसांत जगाने पाहिलं.

मार्च २०२४ मध्ये, स्पेन विरुद्ध ब्राझील या मैत्रीपूर्ण सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेत तो रडला. खेळण्याची इच्छाच दिवसेंदिवस कमी होतेय, असं तो म्हणाला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये त्याची गणना होत होती. त्याच्या जागी तिसऱ्या श्रेणीच्या लीगमधला, महिन्याच्या पगारावर घर चालवणारा खेळाडू असता तर त्याच्या बोट दाखवण्याकडे कुणी लक्ष दिलं असतं का?

भेदभाव थांबवण्याचं ओझं आज ज्याला तो सोसावा लागतो त्याच्याच खांद्यावर आहे, ही माझी तक्रार आहे. ऐकायचं त्याने, तक्रार करायची त्याने, शिव्या देणारा दाखवून द्यायचा त्याने आणि पुढच्या मिनिटाला चेंडू घेऊन धावायचंही त्यानेच. हे ओझं क्लबवर टाकायचं असेल, तर क्लबला ज्याची खरी किंमत वाटते ती गोष्ट पणाला लागली पाहिजे. ती गोष्ट म्हणजे तक्त्यातले गुण.

आज पणाला काय लागतं ते पाहा. मेस्तायाच्या प्रकारानंतर व्हॅलेन्सिया क्लबला ४५,००० युरो दंड झाला आणि मैदानाचा एक स्टँड पाच सामने बंद ठेवायचा आदेश निघाला. क्लबने अपील केलं. पाचाचे तीन सामने झाले, ४५,००० चे २७,००० युरो झाले. २०१४ मध्ये व्हियारेआलच्या मैदानावर बार्सिलोनाचा ब्राझिलियन खेळाडू दानी आल्वेसच्या दिशेने केळं फेकलं गेलं आणि त्याने ते सोलून खाल्लं. जगभर त्याच्या हजरजबाबीपणाचं कौतुक झालं. क्लबला १२,००० युरो दंड झाला. केळं फेकणाऱ्याला क्लबने आजन्म बंदी घातली, हे त्यातल्या त्यात बरं. युरोपच्या एवढ्या मोठ्या क्लबांच्या ताळेबंदात या रकमा शोधूनही सापडणार नाहीत.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे दंडांची आपसातली तुलना. २०१२ च्या फेब्रुवारीत पोर्तोच्या प्रेक्षकांनी मँचेस्टर सिटीच्या मारिओ बालोतेलीला वर्णद्वेषी शिव्या दिल्या, तेव्हा युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, पोर्तोला २०,००० युरो दंड केला. त्याच मोसमात मध्यंतरानंतर मैदानावर मिनिटभरापेक्षा कमी उशिरा आल्याबद्दल सिटीला ३०,००० युरो भरावे लागले. त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेत इटलीकडून खेळणाऱ्या बालोतेलीवरच पुन्हा झालेल्या शेरेबाजीसाठी क्रोएशियाच्या महासंघाला ८०,००० युरो दंड झाला. डेन्मार्कच्या निक्लास बेंटनरने गोल केल्यावर एका सट्टा कंपनीचं नाव असलेली अंतर्वस्त्राची पट्टी दाखवली, त्याची किंमत एक लाख युरो आणि वर एका सामन्याची बंदी. प्रायोजकांच्या हक्कांना धक्का लागला की व्यवस्था किती तत्पर होते आणि माणसाच्या अब्रूला धक्का लागला की किती सावकाश चालते, हे या आकड्यांत स्वच्छ वाचता येतं. तेव्हापासून दंड वाढले आहेत हे खरं. दृष्टी किती बदलली याबद्दल मला शंका आहे.

गुण कापणं अशक्य आहे का? मुळीच नाही. २०२३-२४ च्या मोसमात इंग्लंडच्या प्रीमियर लीगने आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण गेले. सगळ्या क्लबांच्या लेखा विभागांनी त्या वर्षी आपल्या वह्या पुन्हा तपासल्या असतील, यात मला शंका नाही. भेदभावाच्या बाबतीतही उदाहरण आहे. जून २०१५ मध्ये स्प्लिट शहरात क्रोएशिया विरुद्ध इटली सामन्याच्या वेळी मैदानाच्या गवतावर स्वस्तिक उमटवलेलं दिसलं. इथे लगेच सांगायला हवं की ते आपल्या दारावरचं स्वस्तिक नव्हे, ते नाझींचं चिन्ह होतं. युएफाने क्रोएशियाचा एक गुण कापला, दंड केला आणि दोन सामने रिकाम्या मैदानात खेळायला लावले. तेव्हा पात्रता फेरी चालू होती. एका गुणाने देशभर खळबळ उडाली. नियमावलीत ही शिक्षा आजही आहे, फिफाच्याही आणि युएफाच्याही. ती वापरायची इच्छा नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की चाळीस हजार लोकांत चौघे ओरडले तर बाकीच्यांना आणि अकरा खेळाडूंना शिक्षा कशाला? दुसरा असा, की गुण कापले जातात म्हटल्यावर प्रतिस्पर्धी संघाचा एखादा माणूस मुद्दाम आपल्या स्टँडमध्ये घुसून ओरडेल आणि आपले गुण घालवेल. हा दुसरा धोका काल्पनिक नाही. स्थानिक वैर जिथे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे तिथे लोक याहून वाईट गोष्टी करतात.

म्हणून गुण कशासाठी कापायचे हे नीट ठरवलं पाहिजे. प्रेक्षक ओरडला याबद्दल नव्हे. ओरडल्यानंतर क्लबने काय केलं किंवा केलं नाही, याबद्दल. क्लबने त्या स्टँडचं चित्रीकरण ठेवलं होतं का? किती तासांत पोलिसांच्या हवाली केलं? माणूस ओळखला गेला का, त्याचा पास रद्द झाला का? तिथे उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकांनी ऐकूनही कानाडोळा केला का? खेळाडूने सांगण्याआधी क्लबच्या कुणी माणसाने पंचांना कळवलं का? ही कामं वेळेत झाली तर एकही गुण जाऊ नये, मग ओरडणारा कुणाचाही असो. टाळाटाळ झाली तर पहिल्यांदा एक, पुढच्या वेळी तीन. मुद्दाम घुसलेला माणूस मग क्लबला बुडवू शकत नाही, उलट क्लबच त्याला पकडून देतो. निरपराध प्रेक्षकाला घरी बसवण्याचीही गरज उरत नाही. स्टँड बंद करणं ही मला मुळात आळशी शिक्षा वाटते. तपास करायचा नसला की ती करतात. सात वर्षांच्या मुलीला घेऊन येणारी आई आणि माकडाचे आवाज काढणारा तरुण यांना एकाच यादीत टाकून मोकळं व्हायचं.

माणूस ओळखता येतो, हे स्पेननेच सिद्ध केलं. मेस्तायाच्या तिघांना जून २०२४ मध्ये न्यायालयाने आठ महिन्यांची शिक्षा सुनावली आणि दोन वर्षं मैदानांत पाऊल ठेवायला बंदी केली. स्पेनमध्ये फुटबॉल मैदानावरच्या वर्णद्वेषी शिव्यांबद्दल झालेली ती पहिली शिक्षा. गुन्हेगारीची पार्श्वभूमी नसल्याने ते तुरुंगात गेले नाहीत, त्यांनी लेखी माफी मागितली. वायादोलिदच्या पाच जणांना मे २०२५ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. न्यायालयाने ती द्वेषमूलक गुन्हा ठरवून दिली, हेही स्पेनमध्ये पहिल्यांदाच. पुलावरच्या पुतळ्याबद्दल जून २०२५ मध्ये चौघे दोषी ठरले. न्याय मिळाला, पण वायादोलिदचा निकाल यायला जवळपास अडीच वर्षं गेली. तोवर विनिसियस त्याच मैदानांवर खेळत राहिला. न्यायालयाचा वेळ न्यायालयाला लागणारच. क्लब आणि लीगला मात्र आठवडाभरात हालचाल करता येते, आणि ती करायला लावणारं कारण हवं.

कायद्याच्या शब्दांकडेही डोळे उघडे ठेवून पाहावं लागतं. इंग्लंडने १९९१ मध्ये मैदानावरची वर्णद्वेषी घोषणाबाजी गुन्हा ठरवली. त्याआधीच्या काळाची कल्पना यावी म्हणून एकच प्रसंग सांगतो. १९८२ मध्ये चेल्सीचा पॉल कॅनोव्हिल पहिल्यांदाच मैदानात उतरण्यासाठी रेषेजवळ धावून अंग गरम करत होता आणि त्याला शिव्या घालणारे, केळं फेकणारे लोक चेल्सीचेच समर्थक होते. स्वतःच्या संघाचे. तर १९९१ च्या त्या कायद्यात व्याख्या अशी होती, की घोषणा एकाहून अधिक जणांनी मिळून दिली तरच गुन्हा. एकटा माणूस नव्वद मिनिटं ओरडला तरी तो सुटायचा. ही फट बुजवायला १९९९ उजाडलं. १९९३ पासून ‘किक इट आउट’ ही मोहीम चालू होती, खेळाडू टी-शर्ट घालून मैदानात येत होते आणि तरी कायद्यात हे भोक तसंच होतं. मला मोहिमांबद्दल आदर आहे. त्यांनी शाळाशाळांत जाऊन काम केलं, लोकांना बोलतं केलं. पण मोहिमेच्या फलकामागे लपून संघटना आपलं काम टाळतात, तेव्हा फलकच अडथळा होतो.

तीन पायऱ्यांची पद्धत युरोपात २००९ पासून आहे. पहिल्यांदा खेळ थांबवून सूचना, दुसऱ्यांदा खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये, तिसऱ्यांदा सामना रद्द. मे २०२४ मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात फिफाने तिच्या सर्व २११ सदस्य महासंघांना ही पद्धत लागू करायला सांगितलं आणि खेळाडूने मनगटं एकमेकांवर ठेवून पंचांना खूण करायची, असंही ठरलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सोफियात बल्गेरिया विरुद्ध इंग्लंड सामना दोनदा थांबला, तरी शेवटपर्यंत खेळवला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर मोसमाच्या पहिल्याच सामन्यात बोर्नमथच्या अँटवान सेमेन्योने पंचांकडे तक्रार केली, खेळ थांबला, त्या माणसाला बाहेर काढलं गेलं. सेमेन्योने नंतर दोन गोल केले. पद्धत चालली, हे मान्य. पण पुन्हा पाहा, सांगावं त्यालाच लागलं. शेजारी बसलेल्या शेकडो लोकांपैकी कुणाला आधी का सांगता आलं नाही?

शिवीगाळ ऐकू येते, म्हणून तिच्यावर बातम्या होतात. नियमांच्या पुस्तकातून होणारा भेदभाव ऐकू येत नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने डिसेंबर १९२१ मध्ये महिलांना आपल्या मैदानांवर खेळायला बंदी घातली. आदल्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला ५३,००० लोक आले होते. बंदी उठायला पन्नास वर्षं लागली. आज महिलांच्या खेळाला प्रेक्षक नाहीत म्हणून पैसा नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जून २०११ मध्ये इराणच्या मुली ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळायला अम्मानच्या मैदानात उभ्या होत्या. डोक्यावरच्या कापडामुळे त्यांना खेळू दिलं नाही, सामना जॉर्डनला बहाल झाला. कापडामुळे दुखापत होईल हे कारण पुढे करण्यात आलं होतं. २०१४ मध्ये तोच नियम बदलला, हिजाबही चालू लागला आणि शिखांची पगडीही. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली आणि खेळाचं काहीही बिघडलं नाही. फ्रान्समध्ये स्थानिक सामन्यांत ही बंदी अजून आहे. कुणी काय घालावं याबद्दल माझी मतं असू शकतात, पण सोळा वर्षांच्या मुलीला त्यासाठी मैदानाबाहेर ठेवणं मला मान्य नाही. तिला घरी पाठवून तिचं कोणतं स्वातंत्र्य आपण वाढवतो?

त्याच्याही मागे एक दार आहे: निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीचं. प्रीमियर लीगमध्ये काळ्या वर्णाचे खेळाडू भरपूर आहेत. शिट्टी कुणाच्या हातात? १९९७ मध्ये युराया रेनी पहिले कृष्णवर्णीय पंच झाले, ते २००८ मध्ये थांबले आणि त्यानंतर दुसरा कृष्णवर्णीय पंच, सॅम अॅलिसन, उभा राहायला डिसेंबर २०२३ उजाडलं. पंधरा वर्षं ती जागा रिकामी होती. त्याच आठवड्यात रिबेका वेल्च या लीगमधल्या पहिल्या महिला पंच झाल्या. मार्च २०२४ मध्ये सनी सिंग गिल दक्षिण आशियाई वंशाचे पहिले पंच झाले. त्यांचे वडील जर्नेल सिंग २००४ ते २०१० या काळात खालच्या लीगमध्ये पगडी बांधून पंचगिरी करायचे. एका घरातल्या दोन पिढ्या लागल्या तेव्हा हे दार किलकिलं झालं.

ही गोष्ट मराठी वाचकाला दूरची वाटू नये. इंग्लंड आणि वेल्सच्या लोकसंख्येत आशियाई वंशाचे लोक ९ टक्क्यांहून जास्त आहेत, व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मात्र दक्षिण आशियाई वंशाचे एक टक्काही भरत नाहीत. हॅरो, स्लाव किंवा लेस्टरमध्ये वाढणारी आपली मुलं शनिवारी सकाळी बागेत चेंडू खेळतात, त्यांच्या भिंतींवर हालंड आणि साकाची चित्रं असतात. अकादमीच्या शोधकांचा मात्र पक्का समज असतो, की ही मुलं अंगाने किरकोळ, यांना क्रिकेट आवडतं, यांच्या आईवडिलांना डॉक्टर हवा. म्हणून बघायलाच कुणी येत नाही. आणि बघायला कुणी येत नाही म्हणून आईवडील खरोखरच मुलाला अभ्यासाकडे वळवतात. दोन्ही बाजू मग म्हणतात, आम्ही म्हणत नव्हतो? हमझा चौधरी लेस्टर सिटीतून वर आला आणि मार्च २०२५ मध्ये शिलाँगला भारताविरुद्ध बांगलादेशकडून खेळला. असा एखादा निघाला की त्याचं नाव वर्षानुवर्षं पुरवून वापरलं जातं.

आणि आपलं काय? २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या २१ जणांच्या संघात आठ मुलं मणिपूरची होती. कर्णधार अमरजीत मणिपूरचा. कुठल्याही फिफा विश्वचषकातला भारताचा पहिलावहिला गोल कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केला, तोही मणिपूरचा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यांच्याच खांद्याला खांदा लावून खेळला. त्या मुलांच्याच वयाची ईशान्येतली मुलंमुली पुण्यात शिकायला येतात तेव्हा रस्त्यावर त्यांना कोणत्या नावांनी हाका मारतात, हे आपल्याला माहीत आहे. मैदानातला प्रेक्षक त्याच रस्त्यावरून येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये इंडियन सुपर लीगच्या त्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात आपल्या मेघालयच्या बचावपटूला उद्देशून प्रतिस्पर्ध्याने वर्णद्वेषी हावभाव केला, अशी तक्रार केरला ब्लास्टर्सने केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारताच्या एका प्रमुख बचावपटूने सामना संपल्यावर, आम्ही बायकांशी खेळलो, असं म्हटलं आणि गदारोळ झाल्यावर माफी मागितली. मार्च २०२४ मध्ये केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉल स्पर्धेत खेळणाऱ्या आयव्हरी कोस्टच्या खेळाडूचा जमावाने पाठलाग करून त्याला मारलं. आपल्याला वर्णावरून शिव्या दिल्या गेल्या, दगड मारले गेले, असं त्याने पोलिसांना सांगितलं. फुटबॉलवर एवढं प्रेम करणारा दुसरा जिल्हा देशात सापडणं कठीण. प्रेम असलं म्हणजे माणुसकी असतेच असं नाही.

आपल्याकडच्या एका स्पर्धेत, तिचं नाव घेत नाही, मी गोलमागे बसलो होतो. एक आफ्रिकी खेळाडू कॉर्नर घ्यायला आला. माझ्या मागच्या पोरांनी आवाज काढायला सुरुवात केली. त्याने चेंडू ठेवला, मान वर न करता मोजे ओढले, कॉर्नर घेतला आणि परत पळाला. शेजारचे काका मला म्हणाले, ‘‘पोरं गंमत करतात हो, त्याला कुठं मराठी कळतंय.’’ तो आवाज कुठल्याच भाषेतला नव्हता. त्याला तो पुरता कळला होता, आणि म्हणूनच तो वर बघत नव्हता. रेषेवर उभा असलेला सहायक पंच हातभर अंतरावर होता. त्याच्या हातात झेंडा होता, पण या आवाजासाठी काय करायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

कोल्हापूरचं मैदान राजर्षी शाहूंच्या नावाचं आहे. १९०२ मध्ये आपल्या संस्थानात मागास समाजासाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढणारा हा राजा. लोकांचं मन बदलेल तेव्हा बदलेल म्हणून त्यांनी वाट पाहिली नाही, आधी हुकूम काढला. आज त्या मैदानावर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघायला हजारो माणसं दाटतात, परदेशी खेळाडूही पेठांचे शर्ट घालून उतरतात. जगातलं कुठलंही मैदान हे काम आधी करू शकत असेल तर ते हे मैदान करू शकतं, असं मला मनापासून वाटतं.

करायचं काय ते फार अवघड नाही. हंगामाच्या नोंदणीच्या वेळी प्रत्येक संघाने आपल्या समर्थकांची जबाबदारी घेणारा एक माणूस नावासह लिहून द्यावा. सहायक पंचाने आवाज ऐकला तर खेळाडूच्या तक्रारीची वाट न पाहता झेंडा वर करावा आणि मुख्य पंचाने खेळ थांबवावा, हे पंचांच्या शिबिरात शिकवावं. ओरडणाऱ्याला त्याच दिवशी बाहेर काढून त्याचं नाव कळवलं तर संघाला काही नाही. नाही कळवलं तर तक्त्यातून एक गुण वजा. जात, वर्ण, धर्म, प्रांत आणि बाईपणावरून केलेली शेरेबाजी, या सगळ्याला हाच एक नियम. तक्रार ऐकणाऱ्या समितीत ज्याने स्वतः असं सोसलं आहे असा किमान एक माजी खेळाडू असावा, आणि एक बाई. मुलींचे सामने त्याच मैदानावर, दुपारच्या रणरणत्या उन्हात नव्हे, चांगल्या वेळेला लावावेत. हे सगळं एका पानावर मावतं. पुढच्या हंगामाच्या अर्जासोबत ते पान जोडण्यासाठी जिल्हा संघटनांना ना दिल्लीतल्या राष्ट्रीय महासंघाची परवानगी लागते, ना झ्युरिकमधल्या फिफाची.